नोंद, प्रत आणि पाठ : आनुवंशिकीच्या माहितीसंग्रहांकडे पाठचिकित्सेच्या दृष्टीने

१. विषयप्रवेश

आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या थेंबापासून निष्कर्षापर्यंत जो प्रवास घडतो, त्याचा फार मोठा भाग लेखनाचा आणि नकलेचा असतो. नलिकेवर चिकटविलेली चिठ्ठी, रक्तदात्याच्या माहितीचा छापील तक्ता, नोंदवहीतील ओळ, यंत्राने लिहिलेली फाइल, संगणकातील माहितीसंग्रह आणि अखेरीस शोधनिबंधाला जोडलेली कोष्टके, या प्रत्येक टप्प्यावर आधीचा मजकूर कोणीतरी, मग तो मनुष्य असो वा यंत्र, पुन्हा लिहीत असतो. जेथे नक्कल आहे तेथे लेखनिकाचे प्रमाद आलेच; आणि जेथे प्रमाद आहेत तेथे मूळ पाठ कोणता, तो कसा ठरवावा, दुरुस्ती कोणी आणि कोणत्या अधिकाराने करावी, हे प्रश्नही आलेच. ग्रंथांच्या अभ्यासकांना हे प्रश्न नित्य परिचयाचे आहेत.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. माहितीसंग्रह कोणकोणत्या प्रकारे बिघडतो, बिघाड कसा शोधावा आणि तो होऊ नये म्हणून कोणती शिस्त पाळावी, हे पाठचिकित्सेच्या परिभाषेत मांडून पाहणे हा पहिला हेतू. या शिस्तीचा एक महत्त्वाचा अध्याय कोलकात्यात आणि दुसरा पुण्यात घडला, त्या दोहोंचा परस्परसंबंध दाखविणे हा दुसरा. हस्तलिखितांच्या सूची, शब्दकोशांच्या चिठ्ठ्या आणि लोकसाहित्याची संकलने आज आपणही संगणकात साठवीत आहोत. तेव्हा हा विषय केवळ शेजारच्या शास्त्राचा राहिलेला नाही, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

२. कोलकात्यातील एक फेरतपासणी

१९२० साली इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपूर येथे भरले होते. तेथे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याची विनंती प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना केली. १९२२ मध्ये त्यातील पुरुषांच्या उंचीवरचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि पदार्थविज्ञानाचा हा अध्यापक हळूहळू संख्याशास्त्राकडे वळला. १९३१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्थापना केली आणि १९३३ मध्ये ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू केले.

‘सांख्य’च्या पहिल्याच खंडात महालनोबिस यांचा एक निबंध आहे. त्याचा विषय म्हणजे हर्बर्ट रिझली यांनी बंगालमधील जाती-जमातींची जी शरीरमापे १८९१ मध्ये प्रसिद्ध केली होती, त्यांची फेरतपासणी. नव्या मोजमापांची मोहीम काढण्याऐवजी चार दशकांपूर्वीचे छापील आकडे पुन्हा तपासावेत, हे वरकरणी कोरडे कारकुनी काम वाटेल. वस्तुतः ते आकड्यांच्या पाठचिकित्सेचे काम होते. रिझली यांनी केवळ सरासऱ्या छापल्या असत्या, तर त्या स्वीकारणे किंवा नाकारणे एवढेच वाचकाच्या हाती उरले असते. परंतु त्यांनी एकेका व्यक्तीची मापे छापली होती. त्यामुळे सरासरीपासून मागे, मापांकडे जाण्याची वाट मोकळी राहिली होती.

अशा तपासणीचे तत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, म्हणजे नासिकांक. समजा, एका ओळीत उंची ५० मिलिमीटर, रुंदी ४० मिलिमीटर आणि नासिकांक ७० असे छापले आहे. पहिल्या दोन आकड्यांवरून नासिकांक ८० यावयास हवा. याचा अर्थ तीन आकड्यांपैकी निदान एक चुकीचा आहे. रुंदी मुळात ३५ होती, की नासिकांक छापताना चूक झाली, हे या ओळीवरून कळत नाही. परंतु ओळ शंकास्पद आहे, हे निश्चित कळते. एकाच गोष्टीची दोन मार्गांनी आलेली साक्ष परस्परांशी ताडून पाहणे, हीच अंतर्गत सुसंगतीची कसोटी होय. छंदोभंगावरून ओवीतील किंवा श्लोकातील बिघडलेला चरण ओळखणारा संपादक यापेक्षा वेगळे काही करीत नाही. अनावश्यक वाटणारी माहिती टिपून ठेवावी, असे चांगल्या प्रयोगशाळेत सांगतात ते याचसाठी. वय आणि जन्मतारीख दोन्ही लिहिली, तर एक दुसऱ्याची साक्षीदार होते.

महालनोबिस यांनी हीच दृष्टी पुढे व्यापक केली. बंगालमधील पिकांच्या पाहण्यांत एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते वेगवेगळ्या तुकड्यांकडे सोपवायचे, आणि दोन्ही उत्तरांतील अंतरावरून मोजणाऱ्यांच्या चुकीचा अंदाज बांधायचा, अशी पद्धत त्यांनी रूढ केली. चूक होणारच, हे गृहीत धरून ती दिसेल अशी रचना आधीच करून ठेवणे, हा या पद्धतीचा गाभा आहे. पुढे १९५७ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन याच संस्थेत आले, आणि पारिजातकाच्या फुलाच्या पाकळ्या मोजण्यासारख्या साध्या निरीक्षणांनाही आनुवंशिकीत मोल आहे, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अशा निरीक्षणाला महाग उपकरण लागत नाही, पण मोजणी आणि नोंद बिनचूक असावी लागते.

३. आकडे शुद्ध, रकाना अशुद्ध

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. आकड्यांतील चुका काढल्या म्हणजे माहिती शुद्ध झाली काय? नाकाच्या रुंदीचा आणि सामाजिक प्रतिष्ठेचा व्यस्त संबंध आहे, अशी रिझली यांची उपपत्ती होती. छापखान्याच्या चुका दुरुस्त केल्याने ही उपपत्ती आपोआप ढासळत नाही, कारण दोष आकड्यात असतो तसा तो आकडा ज्या रकान्यात बसविला त्या रकान्याच्या नावातही असू शकतो.

या दुसऱ्या दोषाचा विचार प्रामुख्याने मराठी अभ्यासकांनी केला, ही लक्षणीय बाब आहे. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जात आणि वंश या विषयावरील ग्रंथात रिझली प्रभृतींची मापे पुन्हा मांडून पाहिली, आणि जातिश्रेणी व नासिकांक यांचा कथित संबंध भारताच्या सर्व प्रांतांत आढळत नाही, हे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मधील अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात घुर्ये यांनी दिलेल्या मापांचाच आधार घेऊन, अस्पृश्यतेचे मूळ वांशिक भेदात आहे हे मत खोडून काढले. ज्या आकड्यांवर एक श्रेणी उभारली गेली, त्याच आकड्यांनी ती पाडली. हे शक्य झाले, कारण मापे उघड होती. मूळ सामग्री खुली ठेवण्याच्या बाजूने याहून सबळ पुरावा क्वचितच मिळेल.

इरावती कर्वे यांचे उदाहरण या संदर्भात अधिकच बोलके आहे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु बर्लिनमध्ये मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या विषमतेवर प्रबंध लिहिला होता. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध असावा, या गुरूंच्या अपेक्षेला त्यांच्या मापांनी दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी ते तसेच लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये काम करीत असताना १९६८ मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. ‘ब्राह्मण’ असा एकच रकाना केला असता, तर हे आठ गट त्यात विरघळून गेले असते. हे मल्होत्रा पुढे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक झाले, आणि महाराष्ट्रातील धनगरांच्या अंतर्विवाही गटांवरील त्यांचे काम सुपरिचित आहे. पुणे आणि कोलकाता यांमधील ही वाट अशी जुनी आहे.

तात्पर्य, माहितीसंग्रहाची शुद्धी दोन पातळ्यांवर होते. नोंद खरी आहे काय, ही एक पातळी. आणि नोंदीसाठी आखलेला वर्ग खरा आहे काय, ही दुसरी. संगणकाची आज्ञावली पहिल्या पातळीवर पुष्कळ साहाय्य करते. दुसऱ्या पातळीवर ती मुकी असते.

४. प्रमादांचे प्रकार

पाठचिकित्सक ज्याप्रमाणे लेखनिकांच्या चुकांचे वर्गीकरण करतो, त्याप्रमाणे माहितीसंग्रहातील चुकांचेही करता येते. मुख्य प्रकार असे.

(अ) दृष्टिभ्रम. जुन्या पोथ्यांत घ आणि ध, थ आणि य यांची गल्लत होते. प्रयोगशाळेत शून्य आणि रोमन लिपीतील ओ, सहा आणि नऊ यांची होते. किंवा ३७४२ च्या जागी ३४७२ लिहिले जाते. यावर उपाय म्हणजे नमुन्याच्या क्रमांकाला एक ताळ्याचा अंक जोडणे. जुन्या दहा अंकी ग्रंथांकातील शेवटचे चिन्ह असेच होते. एखादा अंक बदलला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर ताळा जुळत नसे.

(आ) विद्वान लेखनिकाचा प्रमाद. अडाणी लेखनिकापेक्षा अर्धवट जाणता लेखनिक अधिक घातक, हा संपादकांचा जुना अनुभव आहे. न समजलेला शब्द तो परिचित शब्दाने बदलतो आणि चूक गुळगुळीत होऊन जाते. आनुवंशिकीत ही भूमिका ‘एक्सेल’ या तक्ता-आज्ञावलीने बजावली आहे. काही जनुकांची संक्षिप्त नावे ‘सेप्ट-२’, ‘मार्च-१’ अशा रूपाची होती. तक्त्यात ती टंकलिखित करताच आज्ञावली त्यांना दिनांक समजून ‘२ सप्टेंबर’, ‘१ मार्च’ असे रूप देई, आणि मूळ नाव नाहीसे होई. या दोषाकडे २००४ मध्ये एका निबंधाने लक्ष वेधले होते. तरीही २०१६ मधील एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांना अशा तक्त्यांतील जनुकांच्या याद्या जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत तो आढळला. अखेर जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार नावेच बदलली. ‘सेप्ट-१’ चे ‘सेप्टिन-१’ झाले आणि ‘मार्च-१’ चे ‘मार्चएफ-१’. हे स्वयंचलित रूपांतर बंद ठेवण्याची सोय आज्ञावलीच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये उपलब्ध केली. नकलाकाराच्या सवयीपुढे मूळ संहितेने नमते घ्यावे, असा हा प्रसंग होता. साहित्याच्या इतिहासातही असे प्रसंग घडले आहेत. परंतु ते इतक्या उघडपणे नोंदले गेलेले नाहीत.

(इ) स्थाननिर्देशाचा प्रमाद. ज्ञानेश्वरीतील अमुक अध्यायातील अमुक ओवी, एवढा निर्देश पुरेसा नसतो; आवृत्ती सांगावी लागते, कारण राजवाडे प्रत आणि सांप्रदायिक प्रत यांतील ओव्यांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत. मानवी जनुकसंचाच्या प्रमाण संहितेचेही असेच आहे. २००९ ची आवृत्ती आणि २०१३ ची आवृत्ती यांत एकच स्थानक्रमांक निरनिराळ्या अक्षरावर पडू शकतो. त्यात आणखी भर अशी, की काही आज्ञावल्या मोजणी शून्यापासून आरंभतात, तर काही एकापासून. आवृत्तीचे नाव न लिहिता दिलेला स्थानक्रमांक म्हणूनच निरुपयोगी, किंबहुना निरुपयोगीपेक्षा वाईट असतो, कारण तो अचूक दिसतो.

(ई) मौनाचा अर्थ. पोथीत श्लोक नाही, याचे दोन अर्थ संभवतात. लेखनिकाने श्लोक गाळला, किंवा ज्या पानावर तो होता ते पानच गहाळ झाले. चिकित्सक आवृत्तीत या दोन्ही अवस्था निरनिराळ्या नोंदविल्या जातात. माहितीसंग्रहात मात्र रिकामा रकाना, शून्य, उणे नऊ आणि नव्याण्णव ही सर्व चिन्हे ‘माहिती नाही’ या एकाच अर्थाने वापरलेली आढळतात. चाचणी केली नाही, चाचणी फसली, चाचणी झाली पण काही सापडले नाही, या तीन वेगळ्या वार्ता आहेत. आणि वयाच्या रकान्यातील नव्याण्णव हा आकडा ‘अज्ञात’ म्हणून भरला असेल, तर सरासरी काढणाऱ्या यंत्राच्या लेखी तेथे एक वृद्ध माणूस उभा असतो.

(उ) नामभेद. बंगालमध्ये मुखर्जी आणि मुखोपाध्याय, चॅटर्जी आणि चट्टोपाध्याय ही एकाच कुलनामाची दोन रूपे आहेत; रुग्णालयाच्या दप्तरात एकच मनुष्य दोन नावांनी वावरू शकतो. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव, कधी कधी तिन्ही बदलतात. यापेक्षा सूक्ष्म अडचण लिपीची आहे. मराठीतील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. बंगालीतील अंतःस्थ ‘य’ची स्थिती अशीच आहे. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु शोध घेणारी आज्ञावली, संकेत आधी एकरूप करून घेतले नसतील, तर त्यांना भिन्न शब्द मानते. ‘कऱ्हाड’ सापडत नाही, म्हणून कऱ्हाडचा नमुनाच नाही असा निष्कर्ष मग निघतो. आपल्या हस्तलिखित-सूचींनाही हा धोका तितकाच आहे.

(ऊ) मिश्रण. महाभारताच्या पोथ्यांची वंशावळ लावताना सर्वांत कठीण अडचण म्हणजे एका शाखेतील पाठ दुसऱ्या शाखेत शिरलेले असणे. प्रयोगशाळेत एका नलिकेतील द्रव्याचा अंश दुसरीत मिसळतो, किंवा दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. सुदैवाने येथे नमुना स्वतःच साक्ष देतो. नोंदीत पुरुष असलेल्या व्यक्तीच्या नमुन्यात स्त्रीची गुणसूत्रे दिसली, किंवा अनोळखी म्हणून नोंदलेल्या दोन व्यक्ती तंतोतंत एकच निघाल्या, तर चिठ्ठ्यांविषयी प्रथम शंका घ्यावी.

५. बिघाड शोधण्याचा क्रम

माहितीसंग्रह उघडत नाही, दोन अहवालांचे आकडे जुळत नाहीत किंवा कालपर्यंत असलेल्या नोंदी आज दिसत नाहीत, अशा वेळी जो घाईने दुरुस्तीला हात घालतो तो बहुधा पुरावा नष्ट करतो. पाठचिकित्सेत प्रथम साक्षींचे परीक्षण आणि नंतर संशोधन, हा क्रम ठरलेला आहे. येथेही तोच लागू पडतो.

पहिली पायरी थांबण्याची. नव्या नोंदी बंद कराव्यात आणि बिघडलेल्या संग्रहाची आहे तशी एक प्रत बाजूला ठेवावी. दुसरी पायरी वर्णनाची. पडद्यावर उमटलेला दोषसंदेश शब्दशः उतरून घ्यावा, स्वतःच्या शब्दांत नव्हे. आज्ञावलीची आवृत्ती, दिनांक आणि त्याआधी केलेली शेवटची कृती यांचीही नोंद करावी. तिसरी पायरी दोषाला लहान करण्याची. दहा हजार ओळींच्या तक्त्यात चूक येत असेल, तर तो अर्धा करून पाहावा. ज्या अर्ध्यात चूक राहिली तो पुन्हा अर्धा करावा. सुमारे चौदा विभागण्यांत एक ओळ उरते, आणि पुष्कळदा त्या ओळीत एखादे अवतरणचिन्ह किंवा अदृश्य मोकळी जागा सापडते. चौथी पायरी म्हणजे एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे. दोन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही. पाचवी पायरी मागे जाण्याची. निबंधातील कोष्टकापासून माहितीसंग्रहाकडे, तेथून यंत्राच्या फाइलीकडे, तेथून नोंदवहीकडे आणि शेवटी नलिकेवरील चिठ्ठीकडे जात राहावे, आणि मजकूर प्रथम कोठे बदलला ते ठरवावे.

दोषाचा उगम कधी कधी मजकुरात नसून कालगणनेत असतो. ‘एक्सेल’मध्ये दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, एक १९०० पासून आणि दुसरी १९०४ पासून. एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीने वाचले गेले, तर प्रत्येक तारीख १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस, सरकते. सर्वच तारखा सारख्या अंतराने चुकल्या असतील, तर लेखनिकाला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी आदर्श प्रतच, अर्थात मूळ मांडणीच, तपासावी लागते. शक आणि इसवी सन यांच्या गोंधळाशी परिचय असलेल्या वाचकांस हे नव्याने सांगावयास नको.

राखीव प्रतींचा नियमही येथेच सांगितला पाहिजे. तीन प्रती असाव्यात, त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. शिवाय राखीव प्रत अधूनमधून प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेली राखीव प्रत म्हणजे दफ्तरातील न वाचलेली पोथी; ती आहे, एवढेच आपण म्हणू शकतो.

६. दुरुस्तीचा अधिकार

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा. याबाबत मराठी परंपरेत दोन थोर उदाहरणे समोरासमोर ठेवता येतात.

शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ दूर करून संहिता शुद्ध केली, आणि तीत कोणी नवी ओवी घालू नये, असे बजावले. मराठीतील संपादनकार्याचा हा आद्य आणि आदरणीय टप्पा होय. तथापि, त्यांनी कोणते पाठ पाहिले, कोणते टाकले आणि का, याची यादी आपल्यापर्यंत आलेली नाही. त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. परिणामी एकनाथपूर्व पाठ कोणता, हा वाद १९०९ मध्ये राजवाडे यांनी आपली प्रत प्रसिद्ध केल्यापासून विद्वानांत धुमसत राहिला. दुरुस्ती उत्तम असूनही तिच्या मागे जाण्याची वाट उरली नाही.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. तेथे १९१९ मध्ये आरंभ होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार, प्रत्येक श्लोकासाठी तुलनापत्रे तयार होत आणि निरनिराळ्या पोथ्यांचे पाठ त्यांवर उतरले जात. पोथ्या ज्या प्रदेशात होत्या तेथेच तुलना व्हावी, म्हणून शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही या कामाची केंद्रे होती. म्हणजे या पुणेरी उद्योगाला बंगालचाही हातभार लागला. स्वीकृत पाठ वर, त्याज्य पाठ खाली. पोथ्यांच्या संकेतचिन्हांची सूची आरंभी. आणि जेथे पाठ अनिश्चित, तेथे खाली नागमोडी रेघ. संपादकाशी सहमत नसलेला वाचक त्याच पानावरून त्याच्या विरुद्ध निर्णय देऊ शकतो.

प्रयोगशाळेतील उत्तम शिस्त ही शब्दशः या दुसऱ्या प्रकारची आहे. यंत्राची मूळ फाइल कुलूपबंद ठेवावी, तिच्यात कोणीही लिहू नये. दुरुस्तीसाठी स्वतंत्र तक्ता असावा, आणि त्यात जुना मजकूर, नवा मजकूर, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, दिनांक आणि कारण हे पाच रकाने असावेत. प्रत्येक रकान्याचे नाव, एकक आणि अनुपलब्धतेची चिन्हे सांगणारी संकेतसूची संग्रहाबरोबरच ठेवावी. नागमोडी रेघेचे प्रतिरूपही आनुवंशिकीत आहे. जनुकाचा क्रम वाचणारे यंत्र प्रत्येक अक्षराबरोबर विश्वासाचा एक अंक लिहिते. वीस या अंकाचा अर्थ चुकीची शक्यता शंभरात एक, तीसचा अर्थ हजारात एक. हा अंक गाळून केवळ अक्षरे पुढे पाठविणे म्हणजे नागमोडी रेघा पुसून ग्रंथ छापणे होय.

दोन शास्त्रांची ही देवघेव एकतर्फी नाही, हेही येथे नमूद करावे. १९९८ मध्ये काही जीवशास्त्रज्ञ आणि साहित्याभ्यासक यांनी मिळून चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका प्रास्ताविकाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ, सजीवांची वंशावळ काढण्याच्या संगणकीय पद्धतीने मांडून दाखविली.

७. सादृश्याची मर्यादा

पोथी आणि नमुना यांतील साम्य येथवर उपयोगी पडले. परंतु ते ताणू नये. पोथीला आक्षेप घेता येत नाही. नमुन्यामागे मनुष्य असतो, आणि त्याला तो घेता येतो. शिवाय ग्रंथातील चुकलेला पाठ अर्थाची हानी करतो. अदलाबदल झालेल्या दोन नलिका एका रुग्णाला दुसऱ्याचे निदान देतात.

एक प्रसंग विशेष विचारार्ह आहे. माता, पिता आणि अपत्य यांचे नमुने तपासताना अपत्यात असे एखादे रूप दिसते, की जे दोघांपैकी कोणाकडेही नाही. याची कारणे तीन संभवतात. नवे उत्परिवर्तन, चिठ्ठ्यांची गल्लत, किंवा नोंदलेले नाते जैविक नसणे. माहितीसंग्रहाच्या दृष्टीने ही केवळ विसंगती आहे, आणि ती शोधून काढणे हे कर्तव्य आहे. परंतु तिसरे कारण खरे असेल, तर ती ओळ एका कुटुंबाचे गुपित असते. अशा ओळीविषयी कोणी काय करावे, ती कोणाला दिसावी, हे संग्रह उभारण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. विसंगती पडद्यावर उमटल्यानंतर नव्हे. नावे आणि नमुन्यांचे क्रमांक जोडणारी किल्ली वेगळ्या जागी, मोजक्या हातांत ठेवण्याची प्रथा याच कारणास्तव आहे.

आज हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आपल्यापुढे उभा आहे. कोलकात्याजवळ कल्याणी येथे २००९ मध्ये राष्ट्रीय जैववैद्यक जनुकसंच संस्था स्थापन झाली. ही संस्था देशभरच्या इतर संस्थांसमवेत ज्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सहभागी होती, त्यातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी उपलब्ध झाली. रिझली यांच्या खंडांपासून येथपर्यंतचे अंतर मोठे आहे. परंतु रकान्यांच्या डोक्यावर समूहांची नावे लिहिण्याची क्रिया आजही टळलेली नाही. कोणत्या नावाने कोणाला नोंदवावे, ते नाव त्या समूहाचे स्वतःचे आहे की दप्तराने दिलेले, हे प्रश्न भाषेचे आणि साहित्याचे आहेत. तेथे आपल्यासारख्या अभ्यासकांनी केवळ प्रेक्षक राहून चालणार नाही.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. माहितीसंग्रहाचा बिघाड हा वरवर यांत्रिक दिसला, तरी त्याचे स्वरूप पाठाच्या बिघाडाचे असते, आणि त्यावरील उपायही पाठचिकित्सेच्या उपायांशी मिळतेजुळते आहेत. मूळ प्रत जपणे, साक्षी परस्परांशी ताडणे, मौनाचे प्रकार वेगळे ठेवणे, आवृत्ती सांगणे, अनिश्चिततेची खूण न पुसणे आणि प्रत्येक दुरुस्तीचा माग ठेवणे, ही ती शिस्त होय. या शिस्तीने चुका नाहीशा होत नाहीत; त्या सापडण्याजोग्या राहतात. महालनोबिस यांना चार दशकांनंतर रिझली यांचे आकडे तपासता आले, आणि घुर्ये व आंबेडकर यांना त्या मापांतून निघालेली श्रेणी नाकारता आली, ती मागे जाण्याची वाट शिल्लक होती म्हणून. भारतीय भाषांतील सूची, कोश आणि संकलने संगणकात उतरविण्याचे काम आज ज्यांच्या हाती आहे, त्यांनी पुढील चिकित्सकासाठी ही वाट मोकळी ठेवावी, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.